चूक किरकोळ, शिक्षा मात्र जबर

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतील एका शाळेत सहावीच्या एका विद्यार्थिनीला उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढण्याची शिक्षा देण्यात आली आणि तीही पाठीवरचे दप्तर न उतरवता, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. त्यानंतर तिची प्रकृती ढासळली आणि काही दिवसांतच मुंबईत उपचार सुरू असताना तिचा मृत्यू झाला. संबंधित शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला, मोर्चे निघाले, शाळेच्या परवानगीविषयी प्रश्न उपस्थित झाले. मृत्यूचे नेमके वैद्यकीय कारण काय आणि कायदेशीर जबाबदारी कोणाची, हे ठरविण्याचे काम तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे आहे. मात्र समाजापुढील प्रश्न निकालासाठी थांबून राहणारा नाही. काही मिनिटांच्या उशिराची शिक्षा म्हणून एखाद्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावाव्यात, असे वाटणारी व्यवस्था आपल्याकडे निर्माण होते ती कशी?

अशी घटना घडली की पहिले काही दिवस संतापाचे असतात. ‘क्रूर शिक्षक’ असा एक चेहरा सापडला की संतापाला दिशा मिळते आणि मूळ विषय बाजूला पडतो. वास्तविक, वसईची घटना अपवादात्मक आहे ती तिच्या परिणामामुळे. तिच्या स्वरूपामुळे नव्हे. उशीर झाला म्हणून फाटकाबाहेर उभे करणे, गृहपाठाची वही विसरली म्हणून अंगठे धरायला लावणे, शेजाऱ्याशी बोलला म्हणून बाकावर उभे करणे, नखे वाढली म्हणून पट्टीने बोटांवर मारणे, केस कापले नाहीत म्हणून सर्वांदेखत कात्री चालविणे, हे प्रकार महाराष्ट्रातील कोणत्याही पिढीतील वाचकाला नव्याने सांगावे लागत नाहीत. यातील एकाही चुकीने कोणाचे नुकसान झालेले नसते. तरीही शिक्षा अशी असते की मूल ती आयुष्यभर विसरत नाही. चूक आणि शिक्षा यांच्या प्रमाणाचा हा जो संपूर्ण विसर पडतो, तोच या विषयाचा गाभा आहे.

हा केवळ आठवणींचा भाग नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालकांवरील अत्याचारांच्या अभ्यासात तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी संवाद साधण्यात आला होता. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. त्यानंतर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांत केलेल्या पाहणीत ६,६३२ मुलांपैकी अवघ्या नऊ जणांनी आपल्याला कोणतीच शिक्षा झाली नसल्याचे म्हटले. ‘तुला काही येणार नाही’ अशा शब्दांत होणारी हेटाळणीही आयोगाने शिक्षेतच गणली होती, हे लक्षात घेतले तरी आकडा अस्वस्थ करणारा आहे. ही पाहणी झाली तेव्हा शिक्षण हक्क कायदा प्रत्यक्षात येण्याच्या उंबरठ्यावर होता. पुढील दीड दशकात कायदा आला, नियम आले, परिपत्रके आली. परंतु वसईसारख्या बातम्या थांबल्या नाहीत.

कायद्याचा प्रवास पाहिला तर दिशा स्पष्ट दिसते. भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कविषयक करार १९९२ मध्ये मान्य केला. शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे, हे बंधन त्यातच आहे. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांना शारीरिक शिक्षेची मुभा देणारा दिल्लीतील नियम घटनाबाह्य ठरवून रद्द केला. फेब्रुवारी २०१० मध्ये कोलकात्यातील एका नामांकित शाळेतील आठवीच्या मुलाने छडीचा मार खाल्ल्यानंतर आत्महत्या केली तेव्हा देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी एक एप्रिलला शिक्षण हक्क कायदा अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली. सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यासही मनाई केली. पाचवी आणि आठवीत विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मिळाली खरी, पण शाळेतून काढण्यावरील मनाई तशीच आहे. दंगा करणाऱ्या मुलाच्या पालकांना ‘दाखला घेऊन जा’ असे सुनावणाऱ्या किती मुख्याध्यापकांना हे ठाऊक असते?

बंदी इतकी निःसंदिग्ध असताना ती वर्गापर्यंत का पोहोचत नाही? याचे पहिले उत्तर कायद्यातच आहे. सतराव्या कलमाचा भंग केल्यास पुढे काय, तर संबंधितावर त्याच्या सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे चौकशी करणार शाळा किंवा तिची संस्था. जिची अब्रू पणाला लागली आहे तीच न्यायाधीश. दुसरे, हा कायदा सहा ते चौदा या वयोगटापुरता. नववी-दहावीतील मूल, म्हणजे नेमके ज्या वयात शिस्तीचे प्रश्न अधिक तीव्र होतात ते, बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर. तिसरे, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नसल्याचा निर्णय दिला. तेव्हा चर्चा झाली ती पंचवीस टक्के राखीव प्रवेशांची. सतराव्या कलमाचे छत्रही त्याबरोबर गेले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गाच्या पसंतीच्या अनेक शाळा याच वर्गात मोडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन सदस्यीय पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मुद्दा सरन्यायाधीशांकडे सोपविला.

मग उरतो तो फौजदारी कायद्याचा मार्ग. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या, त्याचा ताबा असलेल्या व्यक्तीला कठोर शिक्षेची तरतूद आहे. मात्र शारीरिक शिक्षेला नावानिशी गुन्हा ठरविणारे त्यातील कलम बालसंगोपन संस्थांपुरते आहे, शाळांसाठी नाही. न्यायालयांचा सूरही एक नाही. शारीरिक शिक्षा हा शिक्षणाचा भाग असू शकत नाही, असे छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले. तर मार्च २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने शिक्षकांवर ऊठसूट गुन्हे दाखल होण्याबद्दल चिंता व्यक्त करून आधी प्राथमिक चौकशी व्हावी, असे मत नोंदविले. परिणामी मधली जागा रिकामी आहे. एका टोकाला शाळेतल्या शाळेत मिटविलेले प्रकरण आणि दुसऱ्या टोकाला थेट पोलीस ठाणे. यांच्यामध्ये पालकाने दाद मागावी असे विश्वासार्ह ठिकाण नाही.

शिक्षकांची बाजू ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. प्राथमिक वर्गात तीस आणि उच्च प्राथमिक वर्गात पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असे कायदा सांगतो. शहरांतील अनेक वर्गांत प्रत्यक्षात साठ-साठ मुले असतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी, वह्या तपासणे, अभ्यासक्रम पुढे सरकविणे आणि त्यातच साठ जणांना शांत ठेवणे, हे काम सोपे नाही. जनगणना आणि निवडणुकीची कामे कायद्यानेच शिक्षकांच्या माथी आहेत. विनाअनुदानित शाळांतील तुटपुंजे वेतन आणि नोकरीची अनिश्चितता हा आणखी वेगळा ताण. अशा वेळी छडी किंवा उठाबशा हे वर्ग शांत करण्याचे सर्वांत स्वस्त साधन ठरते. एका मुलाला शिक्षा झाली की बाकीचे एकोणसाठ गप्प बसतात. म्हणजे शिक्षा त्या मुलाला सुधारण्यासाठी नसतेच. ती इतरांना दाखविण्यासाठी असते. आणि दाखविण्यासाठीच असल्याने ती चुकीच्या मापाची नव्हे, तर धाकाच्या मापाची ठरते. किरकोळ चुकीला जबर शिक्षा मिळते याचे स्पष्टीकरण शिक्षकाच्या स्वभावात कमी आणि या हिशेबात अधिक सापडते.

शिक्षकांच्या मनातील दुसरी भीती कायद्याची. ‘आता मुलांना काही बोलायचेच नाही का,’ हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत हमखास विचारला जातो. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात दिले आहे. नववीतील विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकावर दाखल झालेला गुन्हा न्यायालयाने रद्द केला. बेशिस्तीबद्दल विद्यार्थ्याला समज देणे वा रागावणे म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणे नव्हे, हा त्यामागील विचार. कायद्याला शिक्षकाचे तोंड बंद करायचे नाही. त्याचा हात रोखायचा आहे आणि जिभेलाही मर्यादा घालायची आहे. समज देणे आणि अपमान करणे यांतला फरक पुसट असतो, असे म्हटले जाते. ज्याला समज मिळते त्या मुलाला मात्र तो अगदी स्पष्ट कळतो.

पालकही यात निरपराध नाहीत. ‘सर, वाटेल तर दोन फटके जास्त द्या, पण याला वळण लावा,’ असे सांगणारे पालक आजही आहेत. आपण मार खाल्ला म्हणून आपण घडलो, हा त्यांचा ठाम समज असतो. मार खाऊन जे शाळा सोडून गेले, त्यांची साक्ष काढायला कोणी जात नाही. छडी आणि विद्या यांचे नाते आपल्या भाषेने यमकात बांधून ठेवले आहे. गंमत अशी, की हेच पालक आपल्या मुलाला शिक्षा झाल्याचे कळताच शाळेत धाव घेतात. दुसऱ्याच्या मुलाला झालेली शिक्षा मात्र त्यांना ‘शिस्त’ वाटते.

मग छडी काढून घेतली की प्रश्न सुटतो का? अमेरिकेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथील काही राज्यांत शाळेतील शारीरिक शिक्षा आजही कायदेशीर आहे. परंतु गेल्या तीन दशकांत तेथे गाजली ती वेगळीच गोष्ट. १९९४ मध्ये शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वर्षभर काढून टाकण्याची सक्ती करणारा कायदा झाला. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाईन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या हत्याकांडानंतर ‘झिरो टॉलरन्स’ म्हणजे तिळमात्र गय न करण्याचे धोरण सर्वत्र फोफावले. बंदुकीसाठी केलेला नियम चाकूला, मग औषधाच्या गोळीला, मग उद्धट बोलण्यालाही लागू झाला. २००३ मध्ये ॲरिझोनातील तेरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीची, तिने वेदनाशामक गोळ्या लपविल्या असाव्यात या संशयावरून, कपडे उतरवून झडती घेण्यात आली. काहीच सापडले नाही. ही झडती घटनाबाह्य होती, असे म्हणायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे २००९ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी डेलावेअर राज्यातील सहा वर्षांच्या एका मुलाने सहलीसाठी मिळालेले चमचा, काटा आणि चाकू एकत्र असलेले साधन कौतुकाने डबा खाण्यासाठी शाळेत नेले, तर त्याला पंचेचाळीस दिवस सुधारशाळेत पाठविण्याचा निर्णय झाला. देशभर टीका झाली तेव्हा नियम शिथिल करण्यात आला. २०१५ मध्ये टेक्ससमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाने घरी बनविलेले घड्याळ शिक्षकांना दाखवायला आणले. ते बॉम्बसारखे दिसते म्हणून त्याला बेड्या घालून नेण्यात आले.

याची सर्वांत काळी बाजू पेनसिल्व्हानियात दिसली. तेथील एका जिल्ह्यात बालन्यायालयाचा न्यायाधीश किरकोळ खोड्यांसाठी मुलांना सर्रास कोठडीत धाडत होता. उपमुख्याध्यापिकेची टिंगल करणारे पान संगणकावर तयार केलेल्या मुलीलाही तीन महिन्यांची कोठडी सुनावली गेली. पुढे उघड झाले, की खासगी बालसुधारगृहांशी संबंधित व्यक्तींकडून या न्यायाधीशाला पैसे मिळत होते. हजारो मुलांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि २०११ मध्ये न्यायाधीश मार्क शियावरेला यालाच अठ्ठावीस वर्षांचा तुरुंगवास झाला. हे टोकाचे उदाहरण खरे. पण शाळांनी प्रत्येक खोडी न्यायालयाकडे सोपविण्याची सवय लावून घेतली नसती, तर तेवढी मुले त्याच्यासमोर उभीच राहिली नसती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने या धोरणाची तपासणी केली, तेव्हा त्याने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा आढळला नाही. उलट निलंबित झालेली मुले पुढे पुन्हा बेशिस्तीकडे आणि शाळागळतीकडे वळण्याचा धोका दिसून आला.

आपल्याकडे दोन्ही रोग एकाच वेळी नांदत आहेत. जुन्या वळणाच्या शाळेत छडी आहे, तर नव्या, वातानुकूलित शाळेत नियमावली. तेथे शिक्षक हात उगारत नाहीत. तेथे कॅलेंडरमध्ये लाल शेरा पडतो, तीन शेऱ्यांनंतर पालकांना बोलावणे, मग काही दिवसांचे निलंबन, स्नेहसंमेलनातून वगळणे. बुटांचा रंग चुकला, मोज्यांची पट्टी वेगळी निघाली, हातावर लग्नघरची मेंदी राहिली, मधल्या सुटीत मातृभाषेतून बोलले, अशा कारणांसाठीही दंड होतो. यात अंगावर वळ उठत नाहीत म्हणून ही शिक्षा सौम्य म्हणावी काय? दहा वर्षांच्या मुलीला घरची मेंदी हा गुन्हा आहे असे शिकविणे, हा मानसिक छळ कसा नव्हे, याचे उत्तर ती नियमावली देत नाही.

नियमाच्या अंध अंमलबजावणीबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच इशारा दिला होता. १९८५ मध्ये केरळमधील तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेतून काढण्यात आले. ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. धार्मिक श्रद्धेमुळे केवळ गात नसत. त्यांनी कोणताही अनादर केलेला नाही, असे सांगून न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. नियम मोडला गेला का, एवढेच पाहू नका. मुलाने काय केले आणि का केले, हेही पाहा, असा या निकालाचा सारांश काढता येईल.

‘का केले’ हा प्रश्न उशिरा येणाऱ्या मुलांना तरी कितीदा विचारला जातो? वसई-विरारच्या पट्ट्यात आई-वडील पहाटेची लोकल पकडून कामाला जातात. धाकट्या भावंडाला आवरून, त्याला पोहोचवून मग स्वतः शाळा गाठणारी मुले तेथे कमी नाहीत. बस चुकणे, पाणी उशिरा येणे, आजारी आजीला औषध देणे, ही कारणे मूल सर्वांदेखत सांगत नाही. ते मुकाट्याने रांगेत उभे राहते. शिवाय शारीरिक श्रमाची शिक्षा देणाऱ्याला मुलाच्या प्रकृतीची पुरेशी माहिती नसते. दम्याच्या, रक्तक्षयाच्या किंवा हृदयविकाराच्या मुलाला अतिश्रम जिवावर बेतू शकतात. धडधाकट मुलालाही सवय नसताना शेकडो उठाबशा काढायला लावल्यास स्नायूंना आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उठाबशा ही ‘साधी’ शिक्षा आहे, हा समज वैद्यकीयदृष्ट्याही खोटा आहे.

उपाय अशक्यप्राय नाहीत. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना दिलेल्या आहेत. त्या कपाटातून बाहेर काढणे ही पहिली पायरी. प्रत्येक शाळेने आपली शिस्तविषयक नियमावली लिहून प्रवेशाच्या वेळी पालकांच्या हाती द्यावी. कोणत्या चुकीला कोणता परिणाम आणि कोणती शिक्षा कधीच दिली जाणार नाही, हे तिच्यात स्पष्ट असावे. शरीराला वेदना, डबा किंवा स्वच्छतागृहाची बंदी, सर्वांसमोर अपमान आणि एकाच्या चुकीसाठी संपूर्ण वर्गाला शिक्षा, या चार गोष्टी त्या यादीत अग्रस्थानी हव्यात. निलंबनासारख्या निर्णयापूर्वी मुलाचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे. अनुदानित आणि सरकारी शाळांत बहुसंख्य पालक असलेली शाळा व्यवस्थापन समिती कायद्याने आहे. विनाअनुदानित शाळांना ते बंधन नाही. तेथे पालक-शिक्षक संघ असतात, पण त्यांची चर्चा शुल्कापलीकडे क्वचितच जाते. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर तक्रारपेट्या आणि सखी सावित्री समित्यांची पुष्कळ चर्चा झाली. शिस्तीच्या नावाखालील जाचाच्या तक्रारीही त्याच व्यवस्थेकडे याव्यात आणि त्यांची तपासणी शाळेबाहेरील कोणी तरी करावी. त्याच वेळी वर्गातील पटसंख्या आवाक्यात आणणे, समुपदेशक नेमणे आणि हात न उगारता वर्ग कसा सांभाळावा याचे प्रशिक्षण शिक्षकांना देणे, ही सरकारची व संस्थांची जबाबदारी आहे. शिक्षकाच्या हातातून छडी काढून घ्यायची आणि त्या जागी काहीच द्यायचे नाही, हा त्याच्यावरही अन्याय आहे.

महाराष्ट्राला यासाठी परक्या आदर्शांची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांत, धाकाविना शिक्षण होऊ शकते हे प्रत्यक्ष करून दाखविले. अमळनेरच्या छात्रालयात मुलांनी केलेला पसारा साने गुरुजी न बोलता स्वतःच आवरीत आणि ते पाहून शरमलेली मुले पुढे आपण होऊन आवरू लागत, अशा आठवणी सांगितल्या जातात. तो मार्ग वेळखाऊ आहे, यात शंका नाही. उठाबशांनी वर्ग एका मिनिटात शांत होतो. मात्र ती शांतता भीतीची असते आणि शिक्षकाची पाठ वळताच संपते.

आणि लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर मराठी शाळांतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. आख्यायिका असो वा इतिहास, आपण शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफले उचलणार नाही, असे गुरुजींना सांगणाऱ्या त्या मुलाचे कौतुक दर एक ऑगस्टला आपल्या शाळाशाळांतून भाषणे करून केले जाते. त्याच शाळेत दोन ऑगस्टला एखादा विद्यार्थी तसेच उत्तर देऊ लागला, तर त्याचे काय होईल? त्याच्या बाणेदारपणाची वाहवा होईल, की ‘उद्धट’ असा शेरा मारून त्याला वर्गाबाहेर उभे केले जाईल? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुख्याध्यापकाने, शिक्षकाने आणि पालकाने स्वतःशी प्रामाणिकपणे दिले, तर शिस्तीच्या नावाखाली आपण मुलांना नेमके काय शिकवीत आहोत, हे वेगळे सांगावे लागणार नाही.